जुन्या यंत्रभागांची पारख आणि विक्री

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बीड येथे दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने होतात. मी निवडलेला विषय त्या मानाने जरा तेलकट आहे. मोटारगाड्या, मोटारसायकली आणि इंजिने ह्यांचे जे जुने व आता दुर्मिळ झालेले सुटे भाग आपल्या घरांत, माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत पडून आहेत, त्यांचे मोल कसे ठरवावे व ते कसे विकावेत, हा तो विषय होय.

लोखंड, लाकूड, तांबे, दगड आणि सोने ह्या पाच द्रव्यांवर आपल्या पांचाळ समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भाते गेले आणि वेल्डिंग आले, नांगराचे फाळ मागे पडून लेथ आले; तथापि हात तेच राहिले. बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव, परळी, केज, कोणत्याही गावच्या स्टँडाजवळ जा; गॅरेज, लेथ अथवा इंजिनदुरुस्ती ह्यांपैकी एखादे दुकान आपल्या माणसाचे निघतेच. मी स्वतः आयुष्यभर खडू हातात धरला. परंतु घरात लेथ होता, आणि सुट्टीच्या दिवशी माझे बसणे त्या लेथपाशीच असे. म्हणून ह्या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम हा विषय आत्ताच का, ते सांगतो. आमच्या परिचयाच्या एका तालुक्याच्या गावी एक निष्णात मिस्त्री होते. त्यांच्या निधनानंतर दुकानाची जागा खाली करून द्यावी लागली. तीस-पस्तीस वर्षांत जमवलेले सुटे भाग त्यांच्या पत्नीने भंगारवाल्यास मोडीच्या भावाने घातले. तीन पोती माल होता. पुढे काही महिन्यांनी थोरल्या मुलाला वडिलांची वही सापडली, तेव्हा कळले की त्या पोत्यांत कंपनीच्या कागदी डब्यांतले न वापरलेले पिस्टन, रिंगा आणि एका जुन्या मोटारसायकलीचा कोरा क्रँक होता. भंगारवाल्याने फसवले, असे मी म्हणणार नाही. त्याने काटा नीट धरला आणि ठरलेला पैसा रोख मोजला. काट्यात खोट नव्हती. पण काट्याला वजन कळते, वस्तू कळत नाही. वस्तू ओळखणारा माणूस गेला आणि त्याच्याबरोबर त्या मालाची किंमतही गेली. अशी घरे आपल्या समाजात एक-दोन नाहीत.

आता जगाच्या एका दूरच्या कोपऱ्यातील उदाहरण घेतो. अमेरिकेत ‘ड्रॅग रेसिंग’ नावाचा शर्यतीचा एक प्रकार आहे. आपल्या शंकरपटाशी त्याचे नाते सहज जुळते. वळणे नाहीत, फेरे नाहीत. सरळ धावपट्टी, शेजारीशेजारी दोन गाड्या, आणि आधी कोण पोहोचतो एवढाच प्रश्न. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, आपल्या हिशेबाने सुमारे ४०२ मीटर. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर आणि युद्धानंतर विमानांच्या धावपट्ट्यांवर हौशी तरुणांनी हा खेळ वाढवला. १९५१ साली वॉली पार्क्स ह्यांनी त्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली व खेळाला नियम लावून दिले.

ह्या तरुणांपाशी पैसा नव्हता. त्यांनी भंगारातून आपल्या गाड्या उभ्या केल्या. जनरल मोटर्स कंपनीने १९३८ साली ‘७१’ मालिकेची डिझेल इंजिने काढली होती. प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून हे नाव. हे इंजिन दोन स्ट्रोकचे असल्यामुळे त्यात बाहेरून हवा ढकलावी लागे, व त्यासाठी त्याच्या अंगाला ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंप, बसवलेला असे. मोडीत निघालेल्या इंजिनांवरचा हा ब्लोअर काढून शर्यतीच्या तरुणांनी तो पेट्रोल इंजिनाच्या डोक्यावर चढवला. अधिक हवा, अधिक इंधन, अधिक शक्ती! डिझेल ट्रकाची ही अवजड वस्तू शर्यतीच्या गाडीचा दागिना झाली, आणि त्या काळातले ब्लोअर आज संग्राहक शोधीत फिरतात.

दुसरे उदाहरण फोर्ड कंपनीच्या आठ सिलिंडरी इंजिनाचे. १९३२ साली निघालेले हे इंजिन दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रकांबरोबर हिंदुस्थानातही आले. त्याची साधी हेडे पुष्कळ निघाली, म्हणून पुष्कळ मिळतात. परंतु १९४७ च्या सुमारास झोरा आर्कस-डंटोव्ह ह्या तंत्रज्ञाने त्याच इंजिनासाठी ‘आर्डुन’ नावाची ॲल्युमिनियमची निराळी हेडे तयार केली. उद्देश होता ट्रकांना अधिक बळ देण्याचा. उपयोग केला शर्यतवाल्यांनी. ती फार थोडी निघाली. आज त्या हेडांच्या एका जोडीची किंमत साध्या हेडांच्या कित्येक पट असते. इंजिन एकच, वयही जवळपास तेच, आणि तरी मोलात एवढे अंतर! ह्यावरून पहिला धडा घ्यावयाचा तो हा की, वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती मौल्यवान ठरत नाही. ती थोडी असली पाहिजे, आणि ती मागणारा कोणी तरी असला पाहिजे. थोडी पण कोणालाच नको असलेली वस्तू अडगळ होय. पुष्कळांना हवी पण पुष्कळ मिळणारी वस्तू बाजारभावाची होय. दुर्मिळता आणि गरज ह्या दोन्ही बाजू एकत्र आल्या, तरच मोल चढते.

कोणी म्हणतील, अमेरिकेतल्या शर्यतींशी बीड जिल्ह्याचा काय संबंध? तो आता पाहू.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने मोटारवाहतुकीचे खाते उघडले, ते २७ बसगाड्या घेऊन. त्या होत्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी सोटो ह्या अमेरिकन जातींच्या गाड्या व पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५२ साली समूह विकास योजना आली आणि जीपगाडी खेड्यापाड्यांच्या धुळीत शिरली. पुढे लिलावात निघालेल्या सरकारी जीपा गॅरेजवाल्यांनी घेतल्या, त्यांपैकी कित्येकांचे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि कार्बुरेटर अजून कोठे तरी पोत्याखाली आहेत. नंतर म्हैसूरच्या जावा आणि येझदी आल्या. आणि मग आली राजदूत.

ह्या राजदूतवर जरा थांबतो, कारण आपल्या विषयाचे सारे मर्म तिच्यात आहे. राजदूत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूधवाल्याची गाडी उभी राहते, दोन्ही बाजूंस कॅन लटकवलेली, एका सिलिंडरची, १७५ ची. ती पुष्कळ खपली, पुष्कळ वर्षे निघाली. परंतु ह्याच नावाची दुसरी एक गाडी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कंपनीने जपानच्या यामाहा कंपनीच्या सहकार्याने १९८३ साली काढली : राजदूत ३५०. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. पहिल्या प्रकाराची शक्ती ३०.५ अश्वशक्ती होती. पुढे पेट्रोलचा खर्च कमी व्हावा म्हणून २७ अश्वशक्तीचा दुसरा प्रकार निघाला. जाणकार पहिल्यास ‘हाय टॉर्क’ व दुसऱ्यास ‘लो टॉर्क’ म्हणतात.

ही गाडी त्या काळी फारशी चालली नाही. किंमत जास्त, पेट्रोल फार पिणारी, सुटे भाग महाग. साधारण १९९० पर्यंत ती बंद पडली. पण जे लोकांना तेव्हा परवडले नाही, त्याचाच आज तुटवडा आहे. सरळ रस्त्यावर अशी झेप घेणारी गाडी तेव्हा दुसरी नव्हती. त्यामुळे धावपट्टीवरच्या शर्यतींत तिचे नाव झाले. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अलीकडच्या काळात अशा सरळ शर्यती झाल्या. हौशी मंडळी आजही ह्या जुन्या गाड्या पदरचे पैसे घालून उभ्या करतात, आणि त्यांना हवे असतात अस्सल भाग.

आता विचार करा. एखाद्या मिस्त्रीच्या माळ्यावर एक ब्लॉक आहे. घरचा मुलगा म्हणतो, ‘राजदूतचा आहे.’ कोणत्या राजदूतचा? १७५ चा असेल तर एक भाव, ३५० चा असेल तर निराळा भाव, आणि ३५० मध्येही हाय टॉर्कचा असेल तर त्याहून निराळा. एका शब्दाच्या अपुऱ्या ओळखीने किती नुकसान होते, ते ह्यावरून ध्यानात येईल. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे : जुन्या भागाचे मोल त्याच्या वजनात नसून त्याच्या ओळखीत आहे, आणि ही ओळख लिहून ठेवली नाही तर ती माणसाबरोबर नाहीशी होते.

ओळख कशी पटवावी? आपल्यांतील सोनार बंधू सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतात. यंत्रभागासाठी पाच कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी खुणेची. प्रत्येक ओतीव भागावर ओतकामाचा क्रमांक, कारखान्याचे चिन्ह अथवा भागाचा क्रमांक उठवलेला असतो. तो रॉकेल व मऊ फडके घेऊन स्वच्छ करावा व जसाच्या तसा उतरून घ्यावा. वायरब्रश, पॉलिशपेपर अथवा ग्राइंडर लावू नये. चकाकी आणण्याच्या हौसेने पुष्कळ जण खूणच घासून टाकतात. मग भाग चकाकतो, पण मुका होतो.

दुसरी कसोटी जुळणीची. हा भाग कोणत्या गाडीला, कोणत्या सालच्या प्रकाराला बसतो? एकाच गाडीत मधल्या काळात कंपनी बदल करीत असते. जे भाग जोडीने चालतात ते जोडीनेच ठेवावेत. दोन सिलिंडरच्या गाडीचे दोन कार्बुरेटर, डावे-उजवे ब्लॉक, गिअरांचा संच हे फोडून विकले, तर पहिला चांगल्या भावाने जातो व दुसरा गळ्यात राहतो.

तिसरी कसोटी अवस्थेची. भाग कोरा आहे की वापरलेला? ब्लॉक मूळ मापाचा आहे की बोअर केलेला? पिस्टनच्या माथ्यावर ०.२५, ०.५० असे आकडे असतील तर तो वाढीव मापाचा होय. तडा आहे का, वेल्डिंग झाले आहे का, आटे शाबूत आहेत का, हे उजेडात पाहावे. कोऱ्या भागाचा मूळ डबा, कागद आणि वरची चिठ्ठी टाकून देऊ नये. ती त्या भागाची जन्मपत्रिका होय.

चौथी कसोटी पुराव्याची. हा भाग आपल्याकडे कसा आला? विकत घेतल्याचे बिल आहे का? मोडलेल्या गाडीचा असेल, तर त्या गाडीचे कागद कोठे आहेत? पुरावा असलेल्या मालाला विश्वासाचा भाव मिळतो.

पाचवी कसोटी गरजेची. अशा गाड्या अजून किती चालू आहेत, आणि हा भाग नसेल तर गाडी अडते का? आरसा नसला तरी गाडी चालते. क्रँक नसेल तर चालत नाही. जो भाग झिजतो, मोडतो व ज्यावाचून गाडी उभी राहते, त्याचीच मागणी टिकते.

आता प्रत्यक्ष किमतीकडे वळू. किमतीला दोन कडा असतात. खालची कडा म्हणजे मोडीचा भाव. वरची कडा म्हणजे तोच भाग नवा घडवून घेण्यास गिऱ्हाइकाला जो खर्च येईल तो. समजा, एका ब्लॉकचे वजन तीन किलो आहे व मोडीचा भाव किलोस दीडशे रुपये आहे. म्हणजे खालची कडा साडेचारशे रुपयांची झाली. तोच ब्लॉक नवा ओतवून, लेथवर कापून, बोअर करून घ्यावयाचा तर समजा बारा हजार रुपये लागतात. मग खरी किंमत साडेचारशे आणि बारा हजार ह्यांच्या दरम्यान कोठे तरी आहे. अवस्था चांगली असेल तितकी ती वर सरकेल. जेथे नवा भाग घडवताच येत नाही, अथवा गिऱ्हाइकाला मूळ कारखान्याचाच भाग हवा असतो, तेथे ही वरची कडाही ओलांडली जाते. उलट एखाद्या कारखान्याने नव्या नकला बाजारात आणल्या, की जुन्या वापरलेल्या भागाचा भाव एका दिवसात उतरतो. म्हणून भाव आज काय आहे ते पाहावे. दहा वर्षांपूर्वी कोणाला काय मिळाले ते ऐकून हट्ट धरू नये.

दुसरी गोष्ट अशी की, मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत ह्या दोन वस्तू आहेत. आजकाल फोनवर कोणीही कितीही आकडा लिहितो. त्याला तो मिळाला का, हे कोणी सांगत नाही. म्हणून निदान तीन जाणत्यांना विचारावे : एक तो भाग विकणारा, एक त्या गाड्या दुरुस्त करणारा आणि एक अशी गाडी स्वतः वापरणारा. तिघांचे आकडे ऐकले म्हणजे अंदाज येतो.

मालाचे गिऱ्हाईक कोठे? मुंबईत चोरबाजार, ऑपेरा हाउसकडील सुट्या भागांची दुकाने व कुर्ल्याचा बाजार प्रसिद्ध आहेत. पुण्यात नाना पेठ व जुना बाजार आहे. परंतु व्यापारी पुढे विकण्यासाठी घेतो, त्यामुळे तो आपला नफा वगळूनच भाव देणार. त्यात त्याचा दोष नाही. हौशी मालकाला थेट दिल्यास भाव अधिक, पण वेळ अधिक लागतो. ज्याला पैशाची निकड आहे त्याने व्यापाऱ्याकडे जावे, ज्याला थांबता येते त्याने मालकाची वाट पाहावी. माल रेल्वेने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत, खुणेचा आकडा पावतीवर लिहावा आणि पैसे हाती आल्यावरच पेटी बंद करावी.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर असतो व सांगाड्याचा क्रमांक सांगाड्यावर असतो. हे दोन भाग इतर भागांसारखे नव्हेत. ते गाडीच्या नोंदणीशी बांधलेले आहेत. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयास तसे कळवून नोंदणीपत्र परत करावयाचे असते. ते न करता सांगाडा विकला आणि तो उद्या दुसऱ्याच कोणाच्या चोरीच्या गाडीखाली सापडला, तर पोलीस नोंदणीपत्रावरचे नाव शोधीत आपल्या दारी येतात.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये फी ठेवली. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. ह्या अटीचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. गाडी मूळ स्वरूपात राखावयाची म्हणजे मूळ भाग हवेत. १९८३ ची राजदूत ३५० पन्नास वर्षांची होईल २०३३ साली. तोवर कोणत्या माळ्यावर काय शिल्लक राहील, हे आज आपल्या हाती आहे.

येथवर लाभाची गोष्ट झाली. आता धर्माची सांगतो, आणि हीच मला अधिक महत्त्वाची वाटते.

आपल्या मुलांच्या हातात कला आहे. जुन्यासारखा हुबेहूब भाग घडवणे, त्यावर जुन्यासारखे अक्षर उठवणे, त्याला जुनेपणाचा रंग आणणे, हे त्यांना सहज साधेल. मोह तेथेच आहे. नवा भाग घडवणे यत्किंचितही वाईट नाही. उलट ती मोठी विद्या आहे, आणि तिला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु तो ‘आम्ही घडवला’ म्हणून विकावा, ‘कंपनीचा जुना’ म्हणून नव्हे. पावतीवर पुढील चार शब्दांपैकी एक अवश्य लिहावा : कोरा, वापरलेला, दुरुस्त केलेला, नव्याने घडवलेला. हे चार शब्द प्रामाणिकपणे वापरणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक लांबून चालत येते. इंजिनाचा अथवा सांगाड्याचा क्रमांक खोडणे व दुसरा ठोकणे, हा तर उघड गुन्हा आहे. ते काम कोणी कितीही पैसा देऊ केला तरी हातात घेऊ नये.

आणि येथे केवळ पैशाचा प्रश्न नाही. अमेरिकेतील डॉन गार्लिट्‌स हा ह्या शर्यतींतील मोठा नामांकित पुरुष. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचच्या धावपट्टीवर त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटताक्षणी फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा काही भाग तुटून गेला. इस्पितळातून बाहेर पडून त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली नवी गाडी बांधली व १९७१ पासून ती पद्धत रूढ केली. ज्याचा हात स्वतःच्या गाडीवर, त्याच्यावरही धातू उलटतो, हे ह्यातून ध्यानात घ्यावे. जुना धातू थकतो. त्यातील तडा वरून दिसत नाही. वेल्डिंग केलेला कनेक्टिंग रॉड, तडकलेले चाक ‘चांगले आहे’ म्हणून विकले, तर त्या एका खोट्या शब्दावर कोणाचा तरी मुलगा शंभराच्या वेगाने बसणार आहे. जो भाग शोभेपुरता अथवा संग्रहापुरता आहे, त्याच्या पावतीवर ‘चालवण्यासाठी नव्हे’ असे स्पष्ट लिहावे. त्याने चार पैसे कमी येतील. पण झोप पुरी येईल.

शेवटी घरोघरी करावयाच्या गोष्टी सांगून मी आटोपते घेतो.

ज्यांच्या घरी असा माल आहे, त्यांनी एक साधी वही करावी. पहिल्या रकान्यात भागाचे नाव, दुसऱ्यात खुणेचा क्रमांक, तिसऱ्यात कोणत्या गाडीचा, चौथ्यात अवस्था, पाचव्यात ठेवण्याची जागा. प्रत्येक भागाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी व वहीतला अनुक्रमांक तीवर लिहावा. शाळेतल्या मुलाकडून हे काम दोन रविवारांत होते, आणि आजोबा सांगत आहेत व नातू लिहितो आहे, ह्याहून चांगला अभ्यास मला तरी माहीत नाही. वहीची माहिती घरातील स्त्रियांना अवश्य असावी. दुकान पुरुषाचे म्हणून त्याची नोंद पुरुषाच्याच डोक्यात राहते, आणि प्रसंग आला की निर्णय मात्र तिला एकटीला, दुःखाच्या भरात, जागामालकाच्या तगाद्याखाली घ्यावा लागतो.

भावाभावांत वाटणी होत असेल, तर आधी यादी, मग किंमत आणि मग वाटणी, हा क्रम ठेवावा. ‘हे भंगार तू घे, ती शिलाई यंत्रे मी घेतो’ असे न पाहता केलेले वाटे पुढे वैराचे कारण होतात. संच फोडून वाटू नयेत. संच विकून पैसा वाटावा.

आणि मंडळाला माझी नम्र सूचना अशी : प्रत्येक तालुक्यात दोन जाणत्या मिस्त्रींची नावे काढावीत. ज्या घरातला कर्ता माणूस गेला आहे, त्या घरी ह्या दोघांनी जाऊन माल पाहावा, यादी करून द्यावी व तिन्ही बाजूंनी भाव काढून सांगावा. त्यांनी स्वतः तो माल विकत घेऊ नये, एवढे एकच पथ्य असावे. पारख करणारा आणि घेणारा एकच झाला की पारखीवरचा विश्वास उडतो. ह्या कामास मंडळाला फार खर्च नाही. जाण्यायेण्याचे भाडे आणि एक वही, एवढेच लागेल. आपण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो, त्या द्याव्यातच. पण एखाद्या घरातला पोत्यातला माल मोडीच्या भावाने जाण्यापासून वाचला, तर त्या घरातील मुलाची फी कदाचित त्याच घरातून निघेल.

आपल्या वाडवडिलांनी संपत्ती म्हणून मागे फारसे काही ठेवले नाही. त्यांनी ठेवली हत्यारे, थोडा माल आणि पुष्कळशी जाण. हत्यारे गंजतात, माल विकला जातो. जाण मात्र लिहिली तर उरते, सांगितली तर वाढते. ती पुढच्या हाती सुखरूप पोहोचवावी, एवढीच विनंती.